एक नग

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मी टेमाच्या बाजारात येतो,
गळ्यात खात्याचं ओळखपत्र, हातात टॅब्लेट,
आणि गेल्या महिन्यात विचारलं तेच विचारतो.
टोमॅटो. रॉकेल. शाळेचे मोजे, निळे.
भाव विचारायचा, घ्यायचं काही नाही, हा माझा धंदा.
बायका लांबूनच ओळखतात :
"आला बघ फुकट्या सरकारचा."

लामिलेची टोपली मासळीच्या रांगेत, शेवटून तिसरी.
केंकी विकते ती. आंबवलेला मका
कणसाच्या सालीत गुंडाळून उकडलेला,
मुठीएवढा. नाही, थांबा,
फॉर्म छापला तेव्हा मुठीएवढा होता.
फॉर्मवर आहे : केंकी. एकक : एक नग.
"तोच भाव," लामिले म्हणते, "मागचाच लिही."
मी मागचाच लिहितो.
बदल : शून्य.

सकाळी ट्रोट्रोत ड्रायव्हरच्या डोक्यावर रेडिओ भांडत होता.
महागाई उतरली, म्हणत होता एक,
आणि दशांशापर्यंत सांगत होता किती.
आकडे शिजवलेत, ओरडत होता दुसरा.
मागच्या निवडणुकीआधी हा त्याच्या खुर्चीत होता
आणि तो ह्याच्या.
वाक्यं बहुधा खुर्चीलाच शिवलेली असतात,
उठणारा ती तिथेच ठेवून उठतो.
मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली,
"शिजवलेत ना, मग वाढा की."
सगळी गाडी हसली.
भाडं त्याच दिवशी वाढलं होतं.

माझ्या पिशवीत एक काटा असतो, खात्याचाच, भाजीसाठी.
आज काय वाटलं कोण जाणे, केंकी त्यावर ठेवली.
"सालीसकट मोजणार की सोलून?" लामिलेने विचारलं,
आणि तेव्हा दिसलं मला,
साल दुपदरी झाली होती.
"लामिले," मी म्हटलं, "मापात पाप."

ती मासे तळत होती. झारा खाली ठेवला नाही.
"पाप? मग मक्याचं पोतं मोज.
सरपण मोज. नळाचं बिल मोज.
बंदरावरची पोरं येतात, मुठीत ठरलेलं नाणं घेऊन,
त्या नाण्याएवढं जेवण मी बांधते.
भाव वाढवला तर येणार नाहीत.
गोळा लहान केला तर येतात,
वर पाणी जरा जास्त पितात.
मी गोळा लहान केला, एसेलॉर,
त्यांनी नाणं लहान केलं.
काटा तू माझ्याच टोपलीला लावतोस."

संध्याकाळी शेऱ्याच्या रकान्यात मी खरं तेच लिहिलं.
रकाना मोजकीच अक्षरं घेतो.
वर गेलं ते असं :
नग मागील वर्षापेक्षा लहान झाल्याचे आढ
डार्कोसाहेबांनी फोन करून विचारलं,
"हे आढ काय आहे? आडनाव?"

आकडा जाहीर झाला बुधवारी.
संसदेत त्यावर दोन दिवस बाकं वाजली,
एका बाजूने अभिनंदनाची,
दुसऱ्या बाजूने तितकीच.
मी पान वरपासून खालपर्यंत वाचलं,
घरात कुणी कोपऱ्यातला जुना फोटो पाहावा तसं,
आपलं कुणी दिसतंय का त्यात.

पुढच्या मंगळवारी लामिले म्हणाली,
"मी कुठे आहे त्या आकड्यात?"
"टिंबाच्या उजवीकडे," मी म्हटलं. "बरीच लांब."
तिने जरा विचार केला.
"तिथे ऊन लागतं का?"

मग एक गोळा पुढे केला, वर काळ्या ठेच्याचा ठिपका.
विक्रेत्याकडून काही घेऊ नये, असा नियम आहे.
मी नाणी मोजून ठेवली, पुरती,
आणि उभ्याउभ्याच खाल्ला.
तीन घास. पूर्वी पाच लागायचे.
पाणी मागितलं.

नंतर मोज्यांच्या दुकानात गेलो.
निळे. एक जोडी. तोच भाव.
जोडी अजून दोनाचीच आहे,
मोजून पाहिली.